गाडी डेझी चालवत होती

मा. संपादक,
स. न.

फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. गॅट्सबी लोभापायी बुडाला, हा त्यातला सूर पटला नाही. शिवाय अपघाताच्या वेळी गाडी तोच चालवत होता, ही ढोबळ चूक आहे. टॉमची प्रेयसी मर्टल, तिला उडवणारी पिवळी गाडी गॅट्सबीची, हे खरे. पण स्टिअरिंगवर डेझी होती: टॉमची बायको, जिच्यावर गॅट्सबीचे प्रेम आहे. त्याच दिवशी मर्टलने ती गाडी टॉमला चालवताना पाहिली होती, म्हणून टॉमच आला असे समजून ती रस्त्यावर धावली. डेझीने आधी समोरून येणाऱ्या गाडीकडे वळवले, मग धीर सुटून पुन्हा मर्टलकडे. थांबेना, तेव्हा गॅट्सबीने हातब्रेक ओढला. पुढे गाडी कोणाची हे टॉमने मर्टलच्या नवऱ्याला सांगितले आणि गोळी गॅट्सबीने खाल्ली. ही साखळी चुकली की कादंबरी उलटी वाचली जाते.

कादंबरीचा निवेदक निक टॉम आणि डेझीला 'केअरलेस' म्हणतो; लेखात त्याला 'निष्काळजी' म्हटले आहे. निष्काळजी तो, जो गॅस बंद करायला विसरतो. टॉम आणि डेझी काही विसरलेले नाहीत. ते बेपर्वा आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ देणाऱ्या टॉमला लोभ करायची गरजच काय? पैसा पिढीजात, आणि मोडलेले निस्तरायला माणसे आहेतच. डेझीची मैत्रीण जॉर्डन तर गाडी हाकण्याबद्दल हेच बोलून दाखवते: बाकीचे माझ्या वाटेतून बाजूला होतील.

गॅट्सबी धुतल्या तांदळासारखा आहे असे नाही. त्याचा पैसा दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या दारूचा. दर शुक्रवारी त्याच्याकडे पाच खोकी संत्री-लिंबे येतात. स्वयंपाकघरातले यंत्र अर्ध्या तासात 200 संत्र्यांचा रस काढते, पण त्यासाठी बटलरने अंगठ्याने 200 वेळा बटण दाबायचे. सोमवारी मागच्या दाराशी चोथाही न उरलेल्या सालींचा डोंगर, आणि एका जादा माळ्यासह आठ नोकर फडकी, ब्रश, हातोड्या घेऊन दिवसभर पाहुण्यांची नासधूस सावरताहेत. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीपर्यंत खाऊन आपण घरी जातो, मग झाडू कोणाच्या हातात असतो, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

फरक एवढाच की गॅट्सबी डेझीचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायला तयार होतो. अपघाताच्या रात्री तो तिच्या बंगल्याबाहेर पहारा देत उभा आहे. आत स्वयंपाकघरात टॉम आणि डेझी समोरासमोर बसलेले, मध्ये तळलेली गार कोंबडी, बिअरच्या दोन बाटल्या. दोघांनीही कशाला हात लावलेला नाही. टॉमचा हात मात्र डेझीच्या हातावर आहे. गॅट्सबीचे प्रेत सापडल्यावर निक अर्ध्या तासात फोन करतो, तेव्हा कळते की दोघे सामानसुमान घेऊन दुपारीच निघून गेले. पत्ता ठेवलेला नाही.

— एक वाचक, इंदूर