गावाकडच्या जवानाच्या नावाने कोणी बोलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्करातील महिला अधिकाऱ्यांवर आपल्या दैनिकात आलेल्या लेखाबद्दल एका वाचकाचे पत्र आपण छापले. भाषा सौम्य होती, मुलींविषयी आदरही होता. पण शेवटी त्यांनी विचारले आहे की, मुली हुशार आहेत हे मान्य, तरी खेड्यापाड्यातून आलेला जवान बाईचा हुकूम मनापासून मानेल का? खेड्यातून आलेला तो जवान म्हणजे मी. कोरेगाव तालुक्यातल्या एका वाडीतून १९९३ साली भरती झालो, जबलपूरला सिग्नल्सचे, म्हणजे लष्करी संदेशवहनाचे, प्रशिक्षण घेतले आणि २०१९ साली नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. प्रश्न आमच्याविषयी आहे, तेव्हा उत्तरही आमच्यापैकी कोणीतरी द्यायला हवे.

शंका जुनीच आहे. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक) आणि तुकडीचे नेतृत्व द्यावे की नाही, हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा सरकारतर्फे लेखी म्हणणे मांडले गेले की, जवान बहुतांश ग्रामीण भागातले आहेत आणि महिला अधिकाऱ्याचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. हे वाचून मला फार वाईट वाटले. आमच्या युनिटमध्ये येऊन कोणी असे विचारल्याचे मला आठवत नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांनी निकाल दिला आणि हा युक्तिवाद फेटाळला. स्त्री आहे म्हणून तिच्या क्षमतेवर संशय घेणे हा तिच्या प्रतिष्ठेचा अपमान आहेच, शिवाय सैन्यात बरोबरीने सेवा करणाऱ्या सगळ्या स्त्री-पुरुषांच्या प्रतिष्ठेचाही आहे, अशा अर्थाचे त्यात म्हटले आहे. त्या वाक्यात आम्ही जवानही आलो. त्यासाठी मी न्यायालयाचा मनापासून आभारी आहे.

आता प्रत्यक्षातले सांगतो. १९९३ साली इतर शाखांत मुली अधिकारी म्हणून आल्या, त्यानंतरच जवान बाईला सॅल्यूट करायला शिकला, असे कोणाला वाटत असेल तर तसे नाही. लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसवण्यासाठी पहिल्या प्रशिक्षित परिचारिका १८८८ साली मुंबईत उतरल्या. १९४३ पासून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या परिचारिका कमिशन असलेल्या अधिकारी आहेत. १९५८ पासून आर्मी मेडिकल कोअरमधल्या महिला डॉक्टरांना पुरुष डॉक्टरांप्रमाणेच नियमित कमिशन मिळते. पायाच्या दुखापतीमुळे मी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये होतो, तेव्हा वॉर्डाचा सगळा कारभार एका मेजर मॅडमच्या हातात होता. पायदळातले, तोफखान्यातले, रणगाड्यावरचे, असे धिप्पाड गडी त्या वॉर्डात होते. मॅडमनी चालायचे नाही म्हटले की कोणी पलंगावरून पाय खाली ठेवत नसे. त्या आम्हाला नावाने ओळखत, आमच्या रँकचा मान ठेवून बोलत आणि ड्रेसिंगमध्ये कोणी कसूर केली तर जागच्या जागी सुनावत. हे त्या वॉर्डात रोजचेच होते, आणि त्यात कोणाला काही वेगळे वाटत नसे.

वैद्यकीय शाखेबाहेर मुलींना प्रवेश मिळाला तो १९९२ च्या निर्णयाने. प्रिया झिंगन यांनी थेट लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज यांना पत्र लिहून, मुलींना सैन्यात का घेत नाही, असे विचारले होते, हे प्रसिद्ध आहे. ६ मार्च १९९३ रोजी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून २५ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात त्या होत्या. त्याच वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात पुढे २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. म्हणजे ज्या जवानाची मानसिक तयारी नाही असे सांगितले गेले, त्याच्या गावात तेव्हापासून बाई सरपंच होत आली आहे. त्याचा रहिवासाचा दाखला तिच्या सहीचा. आणि बाप पलटणीत असताना शेतीभाती, बैलजोडी, सोसायटीचे कर्ज कोणी सांभाळले? आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे, पिढ्यानपिढ्या पोरे सैन्यात. अशा गावांत घरचा हुकूम आईचाच असतो. आम्ही तो ऐकतच मोठे झालो.

आमच्या कंपनीत आलेल्या कॅप्टन मॅडमबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. त्यांना विचारलेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. उत्तर सिक्कीममध्ये होतो आम्ही. नवा अधिकारी आला की जवान त्याला पारखतो. पुरुष असो, बाई असो, कसोट्या त्याच. जेवण आधी जवानांना मिळते की नाही हे साहेब बघतो का? सुट्टीची यादी त्याच्या डोक्यात आहे का? चूक झाली तर कमांडिंग ऑफिसर साहेबांपुढे आपला माणूस पुढे करतो की स्वतः उभा राहतो?

ऐन हिवाळ्यात पुढच्या चौकीची टेलिफोन लाइन बंद पडली. लाइन पार्टी निघायची होती. जवळची वाट बर्फाने लादलेल्या उताराखालून जात होती. तिथे दोन हिवाळे काढलेला एक गढवाली हवालदार आमच्यात होता. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याला पहिल्यांदा विचारले. तो म्हणाला, ऊन चढले की या उतारावरचा बर्फ सुटतो, डोंगराच्या धारेवरून जावे, वेळ लागेल. मॅडमनी नकाशा पाहिला, आणखी दोन प्रश्न विचारले आणि हुकूम दिला: पहाटे चारला फॉल-इन, वाट धारेवरची, पार्टीबरोबर मी स्वतः. लाइन दुपारपर्यंत चालू करा, असा वरून तगादा होता. उशीर होईल, जबाबदारी माझी, असे त्यांनी वायरलेसवर स्पष्ट सांगितले. त्या दिवशी त्या पार्टीत मी होतो. केबलचे ड्रम पाळीपाळीने उचलत होतो, आणि मॅडमच्या पाठीवर आमच्याइतकेच ओझे होते. लाइन दुपार उलटून गेल्यावर जोडली गेली. नंतर उशिराचा जाब विचारला गेला, तेव्हा वाट बदलल्याचे त्यांनी सांगितले आणि हवालदाराचे नाव मध्ये येऊ दिले नाही. तो हवालदार पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ही गोष्ट सांगे.

दुसरी हकिकत बर्फाची नाही, बांधाची आहे. परभणीकडच्या एका जवानाच्या घरी भाऊबंदांनी बांध कोरला होता. आई एकटी. पोरगा ड्यूटीवर, पण चित्त शेतात. मॅडमनी त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. अशी पत्रे पुष्कळ अधिकारी लिहितात आणि पुष्कळ पत्रे फायलीत राहतात. या पत्राचा मॅडमनी पाठपुरावा केला. दर रोल कॉलनंतर त्या जवानाला विचारत, काय झाले? शेवटी सरकारी मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या. बाईचा हुकूम मानेल का म्हणणाऱ्यांनी त्या जवानाला विचारावे. त्या मॅडमसाठी तो कुठल्याही कड्यावर चढला असता.

या मॅडम २०१२ मध्ये १४ वर्षे पूर्ण करून बाहेर पडल्या. पेन्शन नाही. जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागू होते, अधिकाऱ्याला २० वर्षे लागतात, आणि शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कमिशनची, मर्यादा १४ वर आणून ठेवलेली. त्यांच्या बरोबरीच्या पुरुष अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन मागता येत होते, त्यांना नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्येच महिलांच्या बाजूने निकाल दिला होता, पण अपिलात दहा वर्षे गेली. त्यांनी आम्हाला शिकवले, आमच्यापुढे चालल्या, आणि आज पेन्शन मला मिळते, त्यांना नाही. ही गोष्ट मला सलते आणि मी ती कुठेही सांगायला कचरत नाही.

२५ मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालाबद्दल लोक कमी बोलतात. कायमस्वरूपी कमिशनसाठी निवडीची प्रक्रिया सुरू झाल्यावर चाळिशी-पन्नाशीतल्या महिला अधिकाऱ्यांना तरुणपणीची वैद्यकीय कसोटी लावली गेली. त्यांच्या वयाचे पुरुष अधिकारी त्या कसोटीला केव्हाच, सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, सामोरे गेलेले होते. शिवाय ज्यांना पुढे बढतीच नाही असे सगळ्यांनी धरले होते, त्यांचे वार्षिक गोपनीय अहवालही त्याच नजरेने लिहिले गेले होते. न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. ज्याने कंपनी ऑफिसात काम केले आहे त्याला हे लगेच कळेल. चांगला कोर्स, चांगले पोस्टिंग कोणाला द्यायचे, हे ज्याला पुढे जायचे आहे त्याच्याकडे बघून ठरते. वर्षानुवर्षे त्या बैठकीत बायकांचे नाव निघतच नसेल, तर पुढे त्यांच्या कागदात काय दिसणार?

तरीही त्यांनी काय केले ते बघा. फेब्रुवारी २०१० मध्ये काबूलमध्ये भारतीय राहत होते त्या ठिकाणी हल्ला झाला, तेव्हा मेजर मिताली मधुमिता नि:शस्त्र धावत तिथे पोचल्या आणि ढिगाऱ्यातून माणसे बाहेर काढली. शौर्यासाठी सेना मेडल मिळालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी. कर्नल सोफिया कुरेशी देशाला ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरवरील पत्रकार परिषदेमुळे माहीत झाल्या. आम्हा सिग्नल्सवाल्यांना त्या आधीपासून माहीत होत्या, त्या आमच्याच कोअरच्या. २०१६ मध्ये पुण्यात औंधला १८ देशांचा सराव झाला, तेव्हा ४० जणांच्या भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते आणि १८ देशांत त्या एकट्याच महिला तुकडीप्रमुख होत्या. २०२० च्या निकालातही याचा उल्लेख आहे. कॅप्टन शिवा चौहान २०२३ मध्ये सियाचिनच्या कुमार पोस्टवर तैनात झाल्या, पंधरा हजार सहाशे फुटांवर. त्या उंचीवर बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो.

पायदळ आणि रणगाडा दलात मुली अजून अधिकारी म्हणून नाहीत. त्यावर मत देण्याचा अधिकार तिथे सेवा केलेल्यांचा, मी सिग्नलमन आहे. पण तोफखान्यातही त्या कधी नव्हत्या, एप्रिल २०२३ मध्ये पाच जणी आल्या.

आपल्या सत्कारांबद्दलही थोडे लिहितो. आमच्या भागात एका शाळेने सुट्टीवर आलेल्या एका मेजर मॅडमचा सत्कार ठेवला होता. त्या लष्कराच्या इंजिनीअर्स शाखेतल्या. निवेदकाने ओळख करून दिली ती अमक्यांची सून म्हणून. मग साडी, नारळ, आणि घर सांभाळून नोकरी कशी जमते हा प्रश्न. मॅडम शांतपणे उत्तर देत होत्या. मला राहवले नाही. मी उठून विचारले, मॅडम, तुम्ही पूल बांधता, बेली पूल कसा उभा करतात ते मुलांना सांगाल का? त्यांचा चेहरा खुलला. दहा फूट लांबीचा एक पॅनेल अडीचशे किलोंहून जड असतो, तो सहा जण उचलतात, पॅनेल पिनांनी जोडतात, क्रेनशिवाय पूल पुढे ढकलत पलीकडच्या काठावर नेतात. त्या खडूने फळ्यावर काढत गेल्या आणि मागच्या बाकांवरची पोरे पुढे येऊन बसली. त्या कार्यक्रमात मॅडमचा खरा मान झाला तो तेवढाच वेळ.

स्वाती महाडिक यांच्याबद्दलही हेच म्हणेन. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले, तेव्हा सारा सातारा रडला. स्वातीताई त्यानंतर चेन्नईच्या अकॅडमीत गेल्या आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल झाली होती, प्रशिक्षण शिथिल झाले नव्हते. लहान मुलांना घरी ठेवून, आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने त्या धावल्या. भाषणांत त्यांना आपण फक्त वीरपत्नी म्हणतो. त्यांनी स्वतः कमावलेली रँक त्यांच्या नावाआधी लागली पाहिजे.

संपादक महोदय, आपल्यालाही विनंती आहे. महिला अधिकाऱ्याची बातमी देताना तिची रँक, तिची कोअर आणि तिचे काम लिहा. खडकवासल्याच्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तीनशेहून अधिक मुलांबरोबर बाहेर पडल्या. त्या दिवशी त्यांचे फोटो सगळीकडे आले. तीन वर्षे त्या काय शिकल्या, हे मला कुठे सविस्तर वाचायला मिळाले नाही. ते छापा. आमच्या पोरींना त्याची गरज आहे.

आमच्या वाडीतल्या तीन मुली सध्या मिलिटरी पोलीसच्या भरतीची तयारी करत आहेत. १.६ किलोमीटर साडेसात मिनिटांच्या आत, १० फूट लांब उडी, ३ फूट उंच उडी. कालव्याच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला मी त्यांचा सराव घेतो, पैसे घेत नाही. तालुक्यातल्या आणखी कोणा पालकांना मुलीला पाठवायचे असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडून माझा नंबर घ्यावा. ज्या वाचकांनी प्रश्न विचारला त्यांनाही यायचे असेल तर जरूर यावे.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार (सिग्नल्स)
ता. कोरेगाव, जि. सातारा