खाणीत उतरणाऱ्या लेकीस

बल्लारपूर

चि. मैथिली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधले पेन्रिनचे खाणकामाचे शिक्षण संपताच तू तिथल्याच साउथ क्रॉफ्टीच्या कथिलाच्या खाणीत रुजू होणार, आणि तेही जमिनीखालच्या कामावर, हे तू मला फोनवर सांगितलेस. नोकरी लागली, एवढे ऐकूनच आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. मी त्या वेळी फारसा बोललो नाही, म्हणून लिहितो.

मी ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारा, झालो तेव्हा १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे बाईला जमिनीखाली कामाला ठेवण्यास मनाई होती. ती आडकाठी २०१९ मध्ये दूर झाली. कॉर्नवॉलमध्येही एकोणिसाव्या शतकात हजारो मुली आणि बायका खाणीच्या तोंडाशी हातोड्याने खनिज फोडत बसत, पण खाली उतरत ते पुरुषच. आता आमची लेक उतरणार याचा मला किती अभिमान वाटतो, ते भाऊकाकांना विचार. बाईचे हे काम नव्हे, हे त्यांचे बोलणे मनावर घेऊ नकोस.

तू निघालीस तेव्हापासून मी त्या मुलखाविषयी मिळेल ते वाचतो आहे. कॅम्बोर्नची डॉलकोथ खाण आधी तांब्याची होती. तांबे संपत आले तेव्हा भागधारकांना ती बंद करावीशी वाटत होती. आणखी खोल गेल्यास कथिल लागेल, हा आग्रह कॅप्टन चार्ल्स थॉमस यांनी धरला आणि तो खरा ठरला. पुढे ती तीन हजार फुटांहून खोल गेली. पण वाचताना माझे लक्ष या पराक्रमावर टिकत नाही, ते पुन्हा पुन्हा धुळीकडेच जाते. दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रे आली, कोरड्या ग्रॅनाइटात भोके पडू लागली आणि ती चालवणारी धडधाकट माणसे ऐन उमेदीत खोकून खोकून मरू लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत कमाई करायला गेलेले कित्येक कॉर्निश तरुण तर छाती पोखरून घेऊनच घरी परतले. श्वसनाचे अभ्यासक हाल्डेन यांनी चौकशी करून १९०४ मध्ये अहवाल दिला, त्यात दोष दगडाच्या धुळीचा ठरला आणि उपाय पाण्याचा. आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीही कॉर्निश माणसांच्याच हाताखाली वाढल्या, आणि दगडाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसांचा रोग, सिलिकोसिस, तिथेही आढळलाच.

हे सारे तू शिकलीच असशील. तरी सांगतो : ओले ड्रिलिंग असल्याशिवाय फेसवर, म्हणजे दगड फोडतात त्या तोंडाशी, उभी राहू नकोस, सुरुंगानंतर हवा पुरती साफ झाल्याशिवाय आत जाऊ नकोस, मग वरिष्ठ कितीही घाई करोत. मास्क तुझ्या चेहऱ्याला नीट बसतो की नाही, हे त्यांना तपासून द्यायला लाव. तिथल्या ग्रॅनाइटातून रेडॉन हा किरणोत्सारी वायूही निघतो, तो ना दिसतो ना वास येतो, तेव्हा त्याची मोजणी आपल्या नावाने कुठे नोंदली जाते, हे पहिल्याच दिवशी विचार. मी पुन्हा शिफ्टच्या सुरुवातीला सूचना द्याव्यात तसा बोलू लागलो. माफ कर, तू आता इंजिनिअर आहेस.

पण तू तुझ्या आजोबांना, अण्णांना, पाहिले नाहीस. ते दगडातल्या बोगद्यांवर ड्रिलर होते. शेवटची काही वर्षे त्यांना आडवे झोपता येत नसे. भिंतीला गुंडाळलेली वाकळ लावून तिला टेकून ते रात्र काढत, आणि ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना दुसऱ्या पायरीवर थांबून, खांब धरून, आपण अंगणातले काही पाहतो आहोत असे दाखवत. आजी त्या वेळी मुद्दाम आत निघून जाई. हे मी कुणालाही कधी सांगितले नाही.

नोकरीच्या भरवशाविषयी आत्याने विचारले. १९८५ च्या ऑक्टोबरात, कथिल विकत घेऊन त्याचा भाव टिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथिल परिषदेचे पैसे संपले, भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि त्या धक्क्यातून तिथल्या खाणी सावरल्या नाहीत. १९९८ च्या मार्चमध्ये साउथ क्रॉफ्टी थांबली तेव्हा ती कॉर्नवॉलमधली शेवटची चालू कथिलखाण होती. त्यानंतर ती पाण्याने भरली आणि २०२३ मध्ये मोठा उपसा सुरू झाला. भाव पुन्हा पडेल, खाण पुन्हा थांबेल, तर थांबो. तू दुसरी नोकरी शोधशील, नाही तर घरी येशील. त्याचे मला भय नाही. मात्र इतकी वर्षे बुडालेल्या जुन्या पातळ्या, म्हणजे खाणीतले खालचे मजले, जसजशा उघड्या पडतील, तसतसे तिथे वायुवीजन नव्याने उभारावे लागेल, आणि तिथे पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांत तू असशील, हे माझ्या मनातून जात नाही.

कामावर जाण्याआधी छातीचा एक्स-रे आणि श्वासाची चाचणी करून घे, आणि त्याचे कागद कंपनीकडे ठेवून वर एक प्रत मला पाठव. दर वर्षी पाठव. आईला यातले काही सांगू नकोस; तिला मी तू ऑफिसात बसून नकाशे काढणार आहेस, एवढेच सांगितले आहे.

तुझा,
बाबा