आयरिश पूर्वजाच्या वंशशोधातील गंभीर चुकांबाबत तक्रार व शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (वंशशोध), मुंबई कार्यालय

विषय : लष्करी पूर्वजाच्या आयर्लंडमधील मूळ घराण्याचा शोध – सदोष अहवालाबाबत तक्रार

संदर्भ : गेल्या नोव्हेंबरात भरलेले शुल्क रु. ४२,००० (पावती सोबत) व आपला २६ पानी अहवाल

महोदय,

माझ्या आईचे पणजोबा, आडनाव मर्फी, हे आयर्लंडहून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई म्हणून आले आणि नोकरी संपल्यावर पुण्यातच राहिले. त्यांचे मूळ गाव, आईवडील व भावंडे यांचा शोध घेण्याचे काम मी आपल्याकडे सोपवले आणि त्यासाठी घरात चार पिढ्या जपून ठेवलेला त्यांचा सेवामुक्तीचा चर्मपत्री दाखला मूळ स्वरूपात, तसेच त्यांच्या पंजाब पदकाची छायाचित्रे आपल्या प्रतिनिधींच्या हाती दिली. सात महिन्यांनी आलेला अहवाल मी तीनदा वाचला. दिलेले दोन्ही पुरावे आपल्या संशोधकांनी उघडूनसुद्धा पाहिले नसावेत, अशी माझी खात्री झाली आहे.

अहवालाचा मुख्य निष्कर्ष असा की, पूर्वजाची पलटण 'रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स' असल्याने ते डब्लिन शहरातील रहिवासी होते. हा निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. पदकाच्या कडेवर त्यांच्या नावापुढे पहिल्या बॉम्बे युरोपियन फ्युजिलिअर्सचे नाव कोरलेले आहे. ही मुंबई इलाख्याची, कंपनी सरकारची पलटण होती. १८६२ साली ती राणीच्या सैन्यात १०३ वी पलटण म्हणून दाखल झाली आणि १८८१ साली मद्रासच्या १०२ व्या पलटणीशी जोडून तिला डब्लिनचे नाव देण्यात आले. आमच्या पूर्वजांनी सेवामुक्ती घेतली ती १८५९ साली. कंपनीचे राज्य संपल्यावर आपल्याला न विचारता राणीच्या चाकरीत वर्ग केले, या रागाने दहा हजारांवर गोऱ्या शिपायांनी तेव्हा नोकरी सोडली, त्यांपैकी ते एक. म्हणजे पलटणीला डब्लिनचे नाव मिळाले त्याच्या बावीस वर्षे आधीच ते तिच्यातून बाहेर पडलेले होते. शिवाय दाखल्यावर जन्मस्थान स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे : फर्मॉय, काउंटी कॉर्क. वय भरतीवेळी १८, व्यवसाय मजूर, डोळे राखाडी. (राखाडी म्हणजे आपण ज्यांना घारे म्हणतो ते, माझ्या आईचेही तसेच होते, पण त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.) फर्मॉय हे आमच्या खडकीसारखेच छावणीचे गाव, तिथला मजूर पोरगा १८४६ साली, बटाट्यावर रोग पडून दुष्काळ सुरू झालेला असताना, फौजेत भरती झाला, यात डब्लिन शोधून काढण्यासारखे काही नव्हते.

हा निष्कर्ष टिकवण्यासाठी अहवालात ग्रिफिथ यांच्या करमूल्यमापनातील (आयर्लंडमधील घरे व जमिनी यांच्या करआकारणीच्या जुन्या यादीतील) एक नोंद दिली आहे. त्या नोंदीनुसार याच नावाचा एक गृहस्थ १८५० च्या दशकात डब्लिनमध्ये घर भाड्याने घेऊन राहत होता आणि तोच आमचा पूर्वज, असे आपण ठरवून टाकले आहे. मर्फी हे आयर्लंडमधील सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. आपल्याकडे एखादा पाटील शोधताना हाती लागेल त्या पाटलाला आजोबा ठरवावे, तसला हा प्रकार झाला. त्यातही आमचे पूर्वज त्या दशकात हिंदुस्थानात लष्करी चाकरीत होते. त्यांच्या पदकावर मुलतान आणि गुजरात या दोन लढायांच्या पट्ट्या आहेत, म्हणजे १८४८-४९ साली ते पंजाबात लढत होते. हे गुजरात म्हणजे आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील शहर आहे. अहवालाच्या अकराव्या पानावर ही लढाई 'अहमदाबाद परिसरात' झाल्याचे लिहिले आहे, ते वाचून मला हसावे की रडावे हे कळेना.

जन्मनोंद का मिळाली नाही, याचे कारण आपण १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतील सरकारी दप्तरखान्यात लागलेली आग असे दिले आहे. त्या आगीत जुन्या जनगणना, मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या पुष्कळ नोंदवह्या जळाल्या, हे खरे. परंतु आमचे घराणे कॅथलिक होते, आणि कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्या आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चकडेच, राहिल्या. सरकारी जन्मनोंदणी तर आयर्लंडमध्ये १८६४ साली सुरू झाली, त्यामुळे १८२८ च्या सुमारास जन्मलेल्या माणसाचा 'जन्मदाखला जळाला' हे विधानच निरर्थक आहे. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला भाच्याच्या मदतीने ती पाने उलटता येतात, तर ४२,००० रुपये घेणाऱ्यांना ती का पाहता येऊ नयेत?

तसेच लष्करी नोंदी आपण लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील राणीच्या सैन्याच्या पेन्शन कागदांत शोधल्या व 'आढळल्या नाहीत' असा शेरा मारला. कंपनीच्या मुंबई फौजेची दप्तरे ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. मुंबई इलाख्यातील विवाह, बाप्तिस्मे व दफन यांची चर्चकडून आलेली विवरणपत्रेही तिथेच आहेत. तिकडे कोणी फिरकल्याचा उल्लेख अहवालात नाही.

अहवालासोबत 'मर्फी घराण्याचे कुलचिन्ह' सोनेरी चौकटीत आले व त्याचे ३,५०० रुपये वेगळे लावले गेले. कुलचिन्ह व्यक्तीला बहाल होत असते, आडनावाला नाही. ती चौकट मी परत पाठवत आहे.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते मूळ दाखल्याचे. तो परत आला तेव्हा पावतीची प्रत त्याला स्टेपलरने टाचलेली होती आणि पिन नेमकी 'फर्मॉय' या शब्दातून गेली होती. पिन मी नखाने हळूच काढली. दोन भोके राहिली आहेत, पण शब्द वाचता येतो.

माझी मागणी अशी की, हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत आपण संपूर्ण शुल्क, कुलचिन्हाच्या रकमेसह, परत करावे. किंवा इंडिया ऑफिस दप्तर व फर्मॉयच्या कॅथलिक वह्या या दोन ठिकाणी प्रत्यक्ष शोध घेऊन, प्रत्येक नोंदीच्या छायाप्रतीसह, नवा अहवाल विनाशुल्क द्यावा. नोंद सापडली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. ते मला मान्य असेल. दाखल्याच्या नुकसानीबाबत लेखी खुलासा मात्र दोन्ही परिस्थितींत द्यावा. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे.

आपली विश्वासू,
(सही)
खडकी, पुणे

सोबत : शुल्काची पावती, दाखल्याच्या दोन्ही बाजूंच्या छायाप्रती, पदकाच्या कडेचे छायाचित्र, अहवालातील पान ११ ची प्रत