डबा सापडला

मुलुंड, मुंबई
३० मे, शनिवार, रात्र

प्रिय शेकरू,

डबा सापडला. काकूंचा कडीचा डबा, दिवाळीच्या चिवड्याचा. २००४ साली तो मी कर्जत स्टेशनच्या बाकावर विसरलो, असं तू एकवीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलायस, तोच. तो कर्जतला नव्हताच. कुठे होता ते लिहितो. पण मी तो आणलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र वाचताना तू आशेवर राहणार नाहीस.

त्याआधी एक. काकू गेल्या त्याला सात महिने झाले. मी नागपूरला आलो, दोन तास तुझ्याशेजारी बसलो, रात्रीची गाडी पकडली आणि त्यानंतर एकही फोन केला नाही. ऑफिसातून येताना ठाणे गेलं की रोज फोन हातात घ्यायचो. काय बोलायचं ते सुचायचं नाही, आणि जितके दिवस गेले तितकं ते जड होत गेलं. तू रागावला असशील तर तो राग मला मान्य आहे.

माझी तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे. आईचा डावा मोतीबिंदू काढला, उजवा दिवाळीनंतर.

तर गेल्या शनिवारी मुलीला घेऊन आपल्या वाटेने वर गेलो. तिला काजवे बघायचे होते. तिच्या वर्गातली बरीच मुलं भंडारदऱ्याला जाऊन आली, पण तिकडे हल्ली गाड्यांच्या रांगा लागतात आणि काजव्याला उजेड सोसत नाही. नर लुकलुकतो तो मादीला दिसावा म्हणून. हेडलाइट पडला की त्याचं सगळं बोलणं बुडतं. म्हटलं, आपल्या वाडीवर नेतो. ठाण्याहून पहाटेची कर्जत पकडली. नेरळ सुटल्यावर डाव्या हाताला भीमाशंकरची रांग दिसायला लागली आणि मुलगी आपणहून उठून दाराशी गेली, अगदी तू जायचास तशी. कर्जतहून काशेळे, काशेळ्याहून खांडस. गाडीतले बाकीचे शिडी घाटाचे, गणेश घाटाचे. आम्ही दोघंच आपल्या बाजूला वळलो.

वाट आता वाट राहिलेली नाही, शेकरू. पहिल्या ओढ्यापर्यंत ठीक, तिथवर गुरं जातात. पुढे कारवी. डोक्याच्या वर वाढलेली, दोन्हीकडून येऊन मध्ये मिळालेली. मुलगी माझ्या सॅकचा पट्टा धरून चालत होती. आपण जिथे हटकून भांडायचो त्या आंब्यापाशी पोचायलाच दीड तास लागला. तू उजवीकडे म्हणायचास आणि मी होकायंत्र काढायचो. होकायंत्र ह्या वेळीही खिशात होतं. पूर्व कुठे ते मला ठाऊक होतं, पाऊल टाकायला समोर जागा नव्हती. कुड्याची पांढरी फुलं खाली सांडली होती, करवंदांनी हात ओरबाडले होते, पाणी निम्मं संपलं होतं, आणि पोरीला घाबरवायचं नाही म्हणून मी शिट्टी वाजवत होतो. तेवढ्यात वरून कुकारा आला.

वाडीवरचे आपले मामा! तोच लांबवलेला कुकारा, शेवटी वर उचललेला. आमचे आवाज त्यांना खालून ऐकू आले होते. गुडघा धरून, काठी टेकत पाऊण वाट उतरून आले आणि मला बघून पहिला प्रश्न, "दुसरा कुठाय?"

मला बोलता येईना. काकूंचं सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. खिंडीतल्या शेंदराच्या दगडापाशी आल्यावर त्यांनी ऐनाचं पान तोडलं, त्यावर दोन करवंदं ठेवली आणि पुढे चालू लागले. मुलीने मला विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, आजीसाठी.

वाटेचं असं झालंय की पलीकडच्या अंगाने वाडीला दोन वर्षांपूर्वी गाडीरस्ता आला. चांगलंच झालं. हे मी मनापासून लिहितोय, कारण २००३ च्या पावसाळ्यात अडलेल्या बाईला झोळीतून खाली नेलं तेव्हा दांड्याचं एक टोक तुझ्या खांद्यावर होतं, आणि तू पुढे आठवडाभर खांदा चोळत होतास. आता जीप अंगणापर्यंत येते, पोरं शाळेला जीपने जातात. मामांचा मुलगाच चालवतो. पण पायी कोणी उतरत नाही, आणि एका पावसाळ्यात कारवी किती पुढे येते ते तू बघितलंयस. मामा म्हणाले, "पाय पडला तर वाट." पूर्वी पाऊस सरला की सगळी वाडी कोयते घेऊन खाली यायची. गेल्या वर्षी मामा एकटेच उतरले होते, तेही खिंडीपर्यंत.

मला हे फार लागलंय. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात माल जायचा, म्हणून तिथे शिलालेख आहे, जकातीचा दगडी रांजण आहे, लोक मुद्दाम बघायला येतात. आपल्या वाटेने हिरडा खाली गेला, मीठ आणि सुकी मासळी वर आली, लेकी वर-खाली दिल्या गेल्या. त्याची खूण म्हणजे कातळात खोदलेल्या चार पावठ्या आणि तो शेंदराचा दगड. पावठ्या मी हाताने माती उकरून शोधल्या. तिसरी सापडली नाही. तुला सापडली असती.

बरं, डबा.

रात्री काजवे मनासारखे दिसले. अंगणापलीकडचा ऐन आणि त्यामागचा हिरडा, दोन्ही बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटायचे आणि एकदम विझायचे. मुलीने न सांगता फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाकला आणि सारवलेल्या अंगणात उताणी पडून राहिली. मी तिला तुझं सांगितलं, की ह्याच अंगणातून तू त्या ऐनावर चढलास, उतरता येईना, आणि मामांनी खालून हाक मारली, "अरे ते शेकरूसुद्धा उतरतंय बघ!" ती इतकी हसली की मामी उठून बाहेर आल्या.

पहाटे पावशा ओरडायला लागला, पेरते व्हा, पेरते व्हा. मी चहाची वाट बघत ओट्यावर बसलो होतो. मामींनी चुलीमागच्या फळीवरून एक डबा काढला आणि त्यातलं नाचणीचं बी सुपात ओतलं. राखेत घोळलेलं, वर निरगुडीची पानं. झाकण माझ्या पायाशी उपडं ठेवलेलं. सहज उचललं, सरळ केलं, तर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं काकूंचं नाव. खाली साल, १९८१. मी ते नाव बोटाने दोनदा वाचलं. डब्याच्या तळाला पोचा आहे, आपण कर्जतच्या पुलावर गाडी पकडायला धावलो तेव्हाचा.

मी विचारलं, मामी, हा डबा कुठला?

"तुमचाच की. त्या शेकरूनंच ठेवला चुलीमागं. म्हणला, पुढच्या येळेला नेतो."

तूच! मी ह्यावर एक शब्द बोलणार नाही. फक्त २६ जुलै २००५ आठव. शीवपासून मुलुंडपर्यंत आपण कमरेएवढ्या पाण्यातून आणि मग रुळांवरून चालत आलो, आणि भांडुपपाशी, अंधारात, दोघांच्याही चपला वाहून गेलेल्या असताना, तू मला म्हणालास, "पण तो डबा तू हरवलासच." तेवढं आठव.

आता जे मला सात दिवस झोपू देत नाहीये ते. मार्चमध्ये ताईने काकूंचं मुलुंडचं घर रिकामं केलं तेव्हा मी मदतीला होतो. भांडी मोडीत घातली. गोणी मी उचलून काट्यावर ठेवल्या. पातेली, परात, पाण्याची कळशी, ताटं, सगळ्यांवर नावं होती. त्या रात्री तू ताईला फोन केलास की नाव घातलेलं एखादं भांडं ठेव, आणि तोवर टेम्पो गेला होता. ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. म्हणजे मला माहीत होतं. तो डबा हातात असताना मला पक्कं माहीत होतं की काकूंच्या नावाची एवढी एकच वस्तू उरली आहे.

मामी म्हणाल्याही, "न्यायचा तर न्या. बी मडक्यात घालते." मडक्याला उंदीर लागतो, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. कडीच्या डब्याला लागत नाही. २००४ पासून दर वर्षी काढणी झाली की सगळ्यांत भरलेली कणसं निवडून त्यांचं बी ह्याच डब्यात जातं, आणि मृगाच्या सुमाराला निघून राबात पडतं. एक वर्ष शेजारच्या घरांचं बी किडलं, ह्यांचं टिकलं. तेव्हापासून वाडीतल्या पाच-सहा घरी ह्याच डब्यातलं बी जातं. तिला काय म्हणतात माहीत आहे? मुलुंडवालीची नाचणी. काकू त्या वाडीत कधी गेल्या नाहीत. त्यांनी फक्त डबा भरून दिला आणि म्हणाल्या, "त्या माउलीला रिकामा परत पाठवू देऊ नका."

मी झाकण लावलं, कडी ओढली आणि डबा मामींच्या हातात परत दिला.

आणि उतरताना प्रत्येक वळणावर वाटत होतं, हा द्यायचा अधिकार मला कोणी दिला? डबा तुझ्या आईचा. तू नागपुरात बसून एका भांड्यासाठी तळमळतोस आणि मी उदार होऊन देऊन आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, नवा डबा घेऊन त्यांना द्यायचा आणि हा काकाला पाठवायचा, सोपं आहे." सोपं आहेच. मुलुंड स्टेशनबाहेरच्या दुकानातून असाच डबा मी सोमवारी घेतलाही. स्वयंपाकघरात आहे, कोरा. ओट्याजवळ गेलो की त्याच्याकडे बघतो. मग वाटतं, मामींना त्यात बी घालता येईल, पण ती नाचणी मग कोणाची म्हणायची? लगेच उलटं वाटतं, नाचणीचं नाव काय, राहीलच. मुलाला आईचं नाव हातात धरायला मिळू नये का? दोन्हीकडून मी वाईट ठरतो. बायको म्हणते, त्यालाच विचार ना, तुम्ही दोघं पुरुष पंचवीस वर्षं एकमेकांना विचारायचं सोडून दुसऱ्याच गोष्टीवर भांडता.

म्हणून विचारतोय. मी चुकलो का? खरं सांग. चुकलो असेन तर पुढच्या रविवारी जाऊन घेऊन येतो. तोवर पेरणी होऊन डबा रिकामा झालेला असेल, मामींचीही अडचण होणार नाही.

दुसरा मार्ग एकच आहे. मृगापासून काढणीपर्यंत डबा रिकामाच फळीवर असतो. मामांनी निघताना मला थांबवून विचारलं, दसऱ्यानंतर वाट मोकळी करायला दोघं याल का? त्यांना आता कोयता घेऊन वाकता येत नाही. मुलगा म्हणतो, रस्ता असताना वाट कशाला? त्याचं त्याच्या जागी खरं आहे, दिवसभर जीप चालवून तो दमतो. पण मामा म्हणाले, "वाट तुमच्या पायाला माहीत हाय." माझ्या पायाला नाही, तुझ्या. आंब्यापासून उजवीकडेच जायचं असतं, मामांनी मला दाखवलं. पुढच्या कड्यावरून खाली बघितलं तर डावीकडची वाट शंभर पावलांवर तुटलेली दिसते. हे भांडणही तू जिंकलास. घे.

दसरा यंदा २० ऑक्टोबरला आहे. त्यानंतरचा शनिवार-रविवार. ठाण्याहून पहाटेची कर्जत. तू स्वतः वर चढलास आणि डबा हातात घेऊन न्यायचा म्हणालास, तर मी एक अक्षर बोलणार नाही. नवा डबा मी सॅकमध्ये घालून आणेन, म्हणजे दोन्ही तयारी राहील.

तुझ्याकडचं बरंच विचारायचं राहिलं. चिरंजीवांचा बारावीचा निकाल ताईकडून कळला, छान. वहिनींची बदली रद्द झाली का? तुझ्या पाठीचं काय? नव्या ऑफिसात झाडं आहेत म्हणाला होतास, चढत नसशील अशी आशा आहे. हातमोजे आण, कारवीची खोडं हाताला लागतात.

आणि एक काम कर. वहिनींना विचारून ठेव, काकू चिवड्यात बडीशेप घालायच्या की धणे. मामींना वास आठवतोय, नाव आठवत नाही. ह्या खेपेला डबा भरून न्यायचाय.

तुझा,
होकायंत्र