खिडकीतला कप

कोल्हापूर, शनिवार रात्र

प्रिय बाळ्या,

तीन महिने ना फोन ना पत्र. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. इकडं सगळे बरे, अण्णांची शुगर तेवढी वर-खाली.

गुरुवारी सातवीला अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल सांगितलं. शाहू महाराज स्वतः तिथं चहा प्यायचे, हे ऐकून पोरं खूश. मग मला चेव चढला. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या, सगळ्यांना एका शाळेत बसवलं, वगैरे. शेवटी म्हटलं, नुसत्या सनावळ्या घोकू नका, प्रश्न विचारा.

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, मग झाडलोटीच्या मावशींचा कप खिडकीत का असतोय? तुम्हा सगळ्यांचे तर ट्रेमध्ये असतात."

आणि मी म्हणालो, "खाली बस. धड्याला धरून बोल."

मी! डीएडला फ्रेरी-फ्रेरी करून तुझं डोकं खाल्लेला मी. ब्राझीलमधला तो शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी प्रौढांना 'वीट' हा शब्द शिकवताना घर कुणाचं, मजुरी कुणाला, हेही बोलायला लावायचा, १९६४ साली तुरुंगात गेला, हे मी रंकाळ्यावर तासभर ऐकवलं होतं. तू भेळ संपवून म्हणालास, "भाषण झकास. वीट कोण उचलणार?" आठ दिवस अबोला धरला होता मी. (भेळेचे पैसे मात्र मीच दिले होते, हे विसरू नकोस.)

मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. फुल्यांच्या शाळेतली. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, थेट धर्मालाच जाब विचारणारा. तिला कुणी धड्याला धरून बोल म्हटलं असतं तर?

काल लवकर जाऊन कप ट्रेमध्ये ठेवला. मावशींनीच उचलून परत खिडकीत नेला. "ऱ्हाऊ द्या सर, मलाच ऐकून घ्यावं लागतंय." ती पोरगी तासभर वहीत मान घालून बसली होती.

आमच्याकडं तुला आई निळ्या फुलांच्या कपातनं चहा द्यायची. लहानपणी मला वाटायचं, पाहुण्याचा मान. पुढं कळलं. कळल्यावरही मी गप्पच राहिलो, आणि तू चहा पीत राहिलास. यावर आपण कधी बोललोच नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? पोरगी दहावीला ना यंदा?

सोमवारी पहिलाच तास सातवीचा आहे. उद्या फोन कर.

तुझा,
दत्त्या