रात्री झोपतेस का?

प्रिय पिंकी,

सलाम.

काल फोन आपटलास ते बरंच केलंस. तुझं बाळ गेलं, त्यावर माझ्या तोंडातून ‘देवाची इच्छा’ गेलं आणि मलाच चटका बसला. पप्पांना अर्धांग झालं तेव्हा अख्खी मंडळी हेच म्हणत दारात आली होती, आणि मी चहाचं निमित्त करून आत जाऊन बसले होते.

झोपतेस का? सुहास म्हणाला, रात्री तीनला गॅलरीत उभी असते. त्याला बोलू नकोस, मीच खोदून विचारलं.

बायबलात पौल म्हणतो, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. रोमकरांस 5. संडे स्कूलमध्ये याच अध्यायाला बक्षीस मिळवलंस तू. पण यात दिवस किती जातात, ते पौलाने लिहिलेलं नाही. मग तुला आठव्या दिवशी ऑफिस गाठायची काय घाई होती? अंग ओलं असतं गं, वारा लागतो, पुढे कंबर... झालं माझं सुरू. माफ कर.

तुझा हात मोडला तेव्हाही रिक्षात तूच पप्पांना धीर देत होतीस. मी ते सगळ्या नगरला सांगत फिरले. तेव्हाच तुला रडू द्यायला हवं होतं.

तुला एक सांगते, कुणाला माहीत नाही. पप्पांच्या आजारात सव्वा वर्ष मी प्रार्थना केली नाही. भक्तीला जायची, डोळे मिटायची, आत काही नाही. पप्पा तेव्हा चहाला ‘खिडकी’ म्हणायचे. माझं नावसुद्धा येत नव्हतं त्यांना. एका रविवारी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन द्यायला आले, सगळ्यांनी गीत धरलं आणि दुसऱ्या कडव्याला पप्पा शिरले की मध्ये! शब्दन् शब्द बरोबर. डॉक्टर म्हणाले, बोलणं जातं तरी गाणं राहू शकतं, मेंदूत दोन्हींच्या जागा वेगळ्या. असतील. गीत संपलं आणि चहा पुन्हा खिडकीच झाला. पण त्या रात्री मी देवाशी कडाडून भांडले. सव्वा वर्षाने बोलले तरी.

मावशी केडगावला होती (मुक्ती मिशनचं, आपलं नगरचं नव्हे), तिथे पंडिता रमाबाईंचं ऐकलेलं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, नवरा, आणि 1921 साली एकुलती मनोरमा. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम बाईंनी टाकलं नाही. वर्षाच्या आत त्याही गेल्या. तू बाईंसारखं वाग असं मी म्हणत नाहीये. मला तर वाटतं, त्याही रात्री जाग्या असतील.

88वं स्तोत्र काढ. बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे अंधारातच संपतं. तरी शास्त्रातून ते कुणी काढलं नाही.

डिंकाचे लाडू डब्यात तसेच आहेत. विचारायचा धीर होत नव्हता. पाठवू? बाळ असो नसो, अंगाला हवेत.

तीनला जाग आली तर मिस कॉल दे. त्या वेळी पप्पांना कुशीवर वळवायचं असतं, मी जागीच असते.

तुझी,
मम्मी