एमसीबी पडतोय म्हणून मोठा टाकू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रिटायर झाल्यावर हौस म्हणून घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू केलं. टेबल सॉ, व्हॅक्यूम, 2 एचपीचा कॉम्प्रेसर असं सामान वाढत गेलं पण लाईट मात्र घरातल्या डीबीवरून (मेन स्विचांच्या पेटीवरून) ओढलेल्या एकाच अडीचच्या (2.5 स्क्वेअर एमएम) वायरवर, 16 अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लावून. सॉ चालू असताना कॉम्प्रेसर लागला की थोड्या वेळाने खट्ट. वायरमनला बोलावलं तर पठ्ठ्याने 16 चा काढून सरळ 32 चा टाकला, "आता नाही पडणार काका", आणि खरंच नाही पडला. महिन्याभराने जळका वास यायला लागला, वायरीवरची पट्टी उघडून बघतो तर वायरचं पीव्हीसी मऊ पडून दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या!

एमसीबी वायरला सांभाळायला असतो हे मला या वयात कळलं. अडीचची वायर पाइपात 20 अँपच्या आतच झेपते. माझा हिशोब असा, सॉ 8 अँप, व्हॅक्यूम 5, कॉम्प्रेसर 11, दिवे-पंखा 1, म्हणजे 25. ड्रिल, सँडर यात धरलेच नाहीत कारण माणूस एकटा, हात दोनच, पण कॉम्प्रेसर आपल्याला न विचारता स्वतःच सुरू होतो त्यामुळे तो धरायलाच लागतो. म्हणजे 16 वाला बिचारा बरोबरच पडत होता.

त्यात शेड घरातल्या डीबीपासून 25 मीटर लांब. जाऊन-येऊन 50 मीटर वायर, कॉम्प्रेसर उठताना 60 अँपच्या आसपास ओढतो, तेव्हा अडीचच्या वायरमध्येच चोवीस-पंचवीस व्होल्ट खाल्ले जातात, मोटर गुरगुरत बसते. आता दहाची वायर टाकली, शेडमध्ये वेगळा डीबी, 32 चा मेन, 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की शॉकपासून वाचवायला लाईट तोडणारा स्विच), कॉम्प्रेसरला चारच्या वायरवर स्वतंत्र 20 चा सी टाइप एमसीबी (मोटर उठतानाचा क्षणभराचा जादा करंट सोसणारा). न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पट्ट्या वेगळ्या, त्या जोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत, त्या वेगळ्या ठेवल्याशिवाय आरसीसीबी नीट चालत नाही. आणि हो, बिलावरचा मंजूर भार आधी बघा, माझा 2 किलोवॅट होता, तो वाढवून घ्यावा लागला.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक 60 अँपचं सबपॅनल (माझ्या शेडमधल्या डीबीसारखंच) बसवताना दिसतात ते बघून तसंच करायला जाऊ नका, त्यांच्याकडे 120 आणि 240 असे दोन्ही व्होल्टेज एकाच पॅनलला येतात, वायरीचे नंबरही गेजमध्ये, आपल्याकडे 230 आणि स्क्वेअर एमएम.

तुमच्या पुरवणीत घरसजावटीवर पानंच्या पानं येतात, कधीतरी डीबीवर अर्धं पान द्या की.

– एक वाचक, सांगली